डावं म्हटलं, उजवं गेलं

“डावां, डावां घेवा,” असं मी घसा फोडून ओरडलो आणि विमान सरळ उजवीकडं गेलं.

दोन्ही बाजूंनी ढकलणारी माणसं आपल्याच जोरात होती. ती थांबेपर्यंत विमानाचं नाक शेजारी उभ्या असलेल्या पेट्रोलच्या टाकीवर जाऊन आदळलं. पंख्याचं एक पातं वाकलं, खालच्या पंखाचं कापड टराटरा फाटलं आणि आतली फासळी मोडून बाहेर आली. पेट्रोलनं पेट घेतला नाही हे आमचं नशीब. गोरे मेकॅनिक शिव्या देत धावले, आमची माणसं चार पावलं मागं सरकली, आणि शेपटीशी लोखंडी दांडा धरून उभा असलेला बुधाजी टिकम शांतपणे खाली बसला. त्यानं कनवटीची तंबाखू काढली आणि मळायला घेतली.

“काका, ह्या काय केलात?” मी विचारलं.

“डावां म्हणालंस, डावां दिलंय,” तो म्हणाला. मग तंबाखू तोंडात टाकून त्यानं मला विचारलं, “दुसरा इमान कदी उडतला?”

“तेचा इंजिन उघडून ठेवलाहा. दुपार होतली.”

“बरां,” बुधाजी म्हणाला.

ते ‘बरां’ मला बरं वाटलं नाही. चूक झालेला माणूस हात चोळतो, रडतो, निदान तोंड तरी पाडतो. हा दुपारचा हिशेब करत होता.

बेचाळीसचा नोव्हेंबर होता. मलबारच्या किनाऱ्यावर नौदलाचा तो विमानतळ होता. त्याचं नाव घ्यायची तेव्हा बंदी होती आणि मला अजूनही ते घ्यायची सवय लागलेली नाही. मी, भास्कर केळुसकर, नेव्हीतला साधा खलाशी, पण इंग्रजी चार यत्ता शिकलेलो. तेवढ्या भांडवलावर मला कोकणातून आलेल्या मजुरांच्या टोळीवर मुकादम केलं होतं. विमानं हँगरमधून बाहेर ढकलायची, परत आत घ्यायची, धुवायची, पुसायची, हे आमचं काम.

विमान कसलं म्हणता? एकावर एक असे दोन मजली पंख, मध्ये दांड्या आणि तारा, सगळ्यावर कापड ताणलेलं, आणि वर उघड्यावर तीन माणसं बसलेली. ते बांधलं होतं शत्रूच्या जहाजावर टॉर्पेडो टाकायला. पोटाखाली ते लांबलचक धूड अडकवून ते पाण्याला जवळजवळ टेकून उडायचं. आमच्याकडं मात्र टॉर्पेडो गोदामात पडून असत आणि पंखांखाली बाँब लावून ते पाणबुड्या शोधत फिरायचं. गोरे लाडानं त्याला पिशवी म्हणत. आमची माणसं त्याला मच्छरदाणी म्हणत. हँगरमध्ये जागा वाचावी म्हणून त्याचे पंख कोंबडीसारखे मागं मिटायचे. मागच्या छोट्या चाकाला लांब दांडा लावायचा, तो एकानं धरायचा, आणि पुढून मी सांगेन तसं त्यानं वळवायचं. हे काम बुधाजीचं होतं, कारण उभा जन्म त्यानं बोटीच्या सुकाणावर काढला होता.

तो आमच्या खाडीपलीकडच्या गावचा. वयानं माझ्या बापाएवढा. मी तीन वर्षं घरी गेलो नव्हतो आणि हा आठ महिन्यांपूर्वीच तिकडून आलेला, त्यामुळं पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं घरची खुशाली विचारायला गेलो. “बरी आसत सगळी,” एवढं म्हणून त्यानं पाठ फिरवली. पुढंही कधी माझ्या घरच्यांचं नाव त्यानं काढलं नाही. बाकीची टोळी संध्याकाळी पत्ते कुटत बसे. हा एकटाच किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडं बघत राही. काय बघतो विचारलं तर म्हणे, “पाणी.” त्याचा पुतण्या ऑगस्टच्या धामधुमीत तारा तोडल्याबद्दल तुरुंगात गेला होता, हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्यानं स्वतः सांगितलं नाही, तेव्हाच मला तो माणूस खटकायला लागला होता.

आणि त्या सकाळी तर कहरच झाला होता.

आदल्या दिवशी पाणबुडीनं एक मालवाहू जहाज बुडवलं होतं. पहाटेच्या गस्तीहून आलेल्या विमानाचा निरीक्षक हँगरच्या दारात चहा पीत तावातावानं सांगत होता. बंदी घातलेल्या पाण्यात शिडाची एक बोट दिसली म्हणे. दिव्यानं खुणा केल्या तर उत्तर नाही. उलट एक माणूस लाल फडकं हलवत राहिला. बोट पाणबुडीला तेलपाणी पुरवत असणार. आता दुसरं विमान बाँब लावून निघायचं, आणि बोट पुन्हा गप्प राहिली तर बुडवायची, असा वरून हुकूम आला होता.

मी हे सगळं टोळीला मोठ्या ऐटीत मराठीत सांगितलं. इंग्रजी येणाऱ्याला असल्या वेळी जरा चढतेच. “हेर आसतले मेले,” असंही वर म्हटलं. बुधाजी दांडा पुसत होता. त्याचा हात थांबला.

“मागल्या फाळक्यार काय रंगवलाहा, ता इचार तेका.”

“कित्याक?”

“इचार मरे.”

मी विचारलं. निरीक्षक म्हणाला, बोटीच्या मागच्या फळीवर हिरवा पट्टा होता आणि त्यात पांढरं काहीतरी.

“कमळ काय चांद?” बुधाजीनं विचारलं.

निरीक्षकानं हवेत बोटानं अर्धा चंद्र काढून दाखवला. बुधाजी दांडा उचलून शेपटीकडं गेला. त्यानंतर पाच-सात मिनिटांतच ते विमान टाकीवर आदळलं.

दुपारी इंजिन उघडून ठेवलेलं ते विमान उडालं आणि रिकामा समुद्र बघून परत आलं. बोट गडप झाली होती.

संध्याकाळी सुरक्षा अधिकारी हार्कनेस साहेबानं मला बोलावलं. लांब, हडकुळा, कधीही आवाज न चढवणारा माणूस होता तो. आरडाओरडा करणारे साहेब परवडतात. हा नुसता बघायचा. बुधाजीला दोन गोऱ्या शिपायांच्या मध्ये उभं केलं होतं.

“तू काय ओरडलास?” साहेबानं मला विचारलं.

“डावीकडं घ्या, असं.”

“चौघांनी मला तेच सांगितलं. नाहीतर तूही त्याच्या शेजारी उभा असतास. आता त्याला विचार, त्याला डावं-उजवं कळतं का?”

मी विचारलं. बुधाजी म्हणाला, “डावां म्हणालो, डावां दिलंय.”

“विमान उजवीकडं गेलं.”

“मी डावां दिलंय.”

“बोटीच्या मागं काय रंगवलंय याची त्याला काय पंचाईत होती?”

हे निरीक्षकानं सांगितलं असणार. बुधाजीनं खांदे उडवले. चांद असला तर मुसलमानाची, कमळ असलं तर हिंदूची, पैज लावायची होती, असं काहीतरी त्यानं सांगितलं. मी ते भाषांतर केलं आणि माझाच त्यावर विश्वास बसला नाही. आमच्याकडं कितीतरी हिंदूंच्या बोटींवर चांद असतो, हे मला ठाऊक होतं. विचारलं नव्हतं, मी सांगितलं नाही.

बुधाजीला बाहेर नेल्यावर साहेब खिडकीकडं तोंड करून बोलला. “बोट लाल फडक्यानं खुणा करते. तुझा माणूस त्या बोटीची चौकशी करतो. मग माझं एकुलतं एक चालू विमान मोडतं. मग बोट नाहीशी होते. केळुसकर, तू माझ्या जागी असतास तर काय समजला असतास?”

मीही तेच समजलो होतो.

“परवा त्याला पोलिसांच्या ताब्यात देतो. भारत संरक्षण कायदा. पुढचं तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. एरवी काळ्या पाण्यावर पाठवलं असतं, पण अंदमान तर जपान्यांनी घेतलं होतं. म्हणजे उरला फास.

रात्र मी कशी काढली ते विचारू नका. माणूस माझ्या टोळीतला, माझ्या मुलखातला. पण खरोखर फितूर असला तर? जहाजावर मेलेल्यांत आमच्याकडचे खलाशीही होते. त्यांना बुडवणाऱ्याला मदत करणाऱ्याची कीव कशाला करायची? आणि फितूर नसला तर? दोन्हीकडून जीव टांगणीला लागला होता.

सकाळी त्याची भाकरी घेऊन मी कोठडीत गेलो. शिपाई दाराशी होता, पण त्याला आमचं बोलणं कळणार नव्हतं.

“काका, माका खरां सांगा. मुद्दाम केलात?”

त्यानं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, चावली. मग म्हणाला, “मी काय म्हणान मुद्दाम करतलंय?”

“मग विमान उजव्याक कसा गेला?”

“तू डावां म्हणालंस. मी डावां दिलंय. माज्या हाताक इचार. वीस वर्सां ह्या हाताक बोटीची सवय. तो काय माका इचारून हलता?”

आणि तो पुन्हा जेवू लागला. डावा हात मांडीवर होता, तो त्यानं सहज, काहीतरी लोटावं तसा उजवीकडं सरकवला.

मी त्या हाताकडं बघत राहिलो आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोटीला सुकाणाचा दांडा असतो. बोट डावीकडं वळवायची तर दांडा उजवीकडं लोटायचा. पुढचा माणूस ‘डावां’ म्हणून ओरडला की सुकाण्याचा हात आपोआप उजवीकडं जातो आणि बोट डावीकडं जाते. विमानाच्या दांड्याचं उलटं. तो जिकडं न्यावा तिकडं नाक वळतं. इतके महिने बुधाजी सांभाळून करत होता. त्या सकाळी घाईगर्दीत, मी ओरडलो तेव्हा, जुन्या हातानं जुनं काम केलं होतं. खरोखरच त्यानं डावं दिलं होतं. फक्त बोटीचं.

मी कोठडीतून जवळजवळ पळतच निघालो. साहेबाला माझं म्हणणं पटवायला शब्द पुरणार नव्हते, म्हणून मी त्याला हात जोडून म्हटलं, “साहेब, अर्धा तास द्या. पाण्यावर या.”

तळाच्या मागं खाडी होती. तिथल्या मच्छीमाराची शिडाची एक छोटी होडी मिळवली. बुधाजीला आणलं, दांड्यावर बसवलं, शिपाई त्याच्यासमोर बंदूक घेऊन बसला. हार्कनेस साहेब मधल्या फळीवर. मी पुढं नाळेवर उभा. शीड भरलं, होडी निघाली, आणि मी मध्येच, कुणाला न सांगता ओरडलो, “डावां.”

बुधाजीनं क्षणाचाही विचार न करता दांडा उजवीकडं लोटला. होडी डावीकडं वळली.

“डावां,” मी पुन्हा ओरडलो. पुन्हा तेच.

साहेबानं माझ्याकडं पाहिलं नाही. तो बुधाजीच्या हाताकडं बघत होता. मग तो उठला, बुधाजीला बाजूला व्हायला सांगितलं आणि दांडा स्वतःच्या हातात घेतला. जरा वेळानं, मी कधी पाहिलं नव्हतं असा तो हसला. पोरवयात शिकाऊ असताना ह्याच घोटाळ्यात आपण होडी धक्क्यावर नेऊन आपटली होती आणि आठवडाभर शिक्षा भोगली होती, असं त्यानं सांगितलं. शीड-होड्यांचं त्याला वेडच होतं, हे मला तेव्हा कळलं. परत किनाऱ्याला लागेपर्यंत त्यानं दांडा कुणाला दिला नाही.

बुधाजीवरचा आरोप काढून टाकला. मूर्खपणाबद्दल त्याला कामावरून कमी केलं आणि गाडीत बसवून घरी पाठवलं. निघताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “हुशार झील हा,” एवढंच म्हणाला. मी हवेत तरंगत होतो.

खरं सांगतो, पुढची चार वर्षं मी ह्या गोष्टीवर जगलो. मुंबईत, कराचीत, जिथं म्हणून चार माणसं जमली तिथं मी ती सांगितली. एका शब्दावरून मी माणूस फासावरून कसा उतरवला! आधी मला त्याचाच संशय होता हे सांगायचं मात्र राहून जाई.

सेहेचाळीस साली नेव्ही सोडून मी गावी आलो. बाप गुडघे धरून घरी बसला होता, समुद्र सुटला होता. एक दिवस बंदरावरच्या हॉटेलात चहा पिताना मी हीच गोष्ट रंगवून सांगितली. ऐकणाऱ्यांत शाबा आडकर नाखवा होता. बुधाजी ज्या बोटीवर सुकाणी होता तिचा हा मालक. गोष्ट संपली तसा तो खो खो हसायला लागला.

“कसलो दांडो? माज्या फत्तेमारीक चाक हा. बुधाजीन वीस वर्सां चाक फिरवल्यान. डावां म्हटला की चाक डाव्याक.”

“पण होडीत मी डोळ्यान बघलंय,” मी म्हटलं.

“होडी काय, खाडीतला शेंबडा पोरगाय चालवता. इमानाचो दांडो आणि होडीचो दांडो ह्येतलो फरक बुधाजीक कळना नाय, असा तुका वाटता?”

सगळे हसले. मी चहा तसाच टाकून उठलो आणि तरीनं खाडीपलीकडं गेलो.

बुधाजी अंगणात जाळं विणत बसला होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“काका, मुद्दाम केल्लात,” मी म्हटलं.

“होय.”

“आणि माका हाताची गजाल सांगलात.”

“मी खय सांगलंय? मी म्हटलंय हाताक इचार. तू इचारलंस.”

मला राग यावा की हसू, कळेना. चार वर्षं मी ज्या हुशारीची टिमकी वाजवत हिंडलो ती ह्यानं माझ्या ताटात वाढली होती. “खरां माका सांगला असतात तर मी काय तुमका धरून दिला असता?”

“तसा नाय. तुका खोटां बोलूक जमणा नाय, झिला. तुज्या तोंडार सगळा दिसता. तुका खरां वाटला म्हणान सायबाक पटला.”

“आणि नसता पटला तर?”

“पटला मां?” त्यानं सुई खाली ठेवली. “बोट कौलां घेवन येय होती. रात्री वाऱ्यान बाहेर टाकल्यान. बोट चालवणाऱ्या तांडेलाक दिव्याची भाषा काय कळतली? इमान बघून तेना डोक्याचो लाल रुमाल हलवल्यान, राम राम म्हणान. आणि तेच्यासाठी हे तेका बुडवूक निघाले. मी सायबाक सांगलंय असतंय, ती आमची बोट, तर सायेब काय म्हणालो असतो?”

साहेब काय म्हणाला असता, ते मला चांगलं माहीत होतं.

“तुमका कसा कळला तांडेलान काय केल्यान ता?”

“बंदरार सांगत फिराय होतो, इमानान माका राम राम केल्यान म्हणान. दुपारपातूर वारो फिरलो, बोट खाडीत घुसली, तेका कसलीच खबर नाय.” बुधाजीनं सुई पुन्हा उचलली. “मोरजेकराची बोट, हिरव्या पट्ट्यातलो चांद तिचीच खूण. तू भायर गेल्यार तुजो बापूस तिच्यार तांडेल झालो.”

मी अंगणातच खाली बसलो. ‘हेर आसतले मेले,’ असं मी हँगरच्या दारात म्हटलेलं मला ऐकू आलं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

“तेवां सांगलंय असतंय तर तू तिथंच बोंबललो असतंस,” बुधाजी जाळ्याकडं बघत म्हणाला. “बापूस बरो हा मां?”

“बरो हा.”

“तेका सांगा नको. आयकूचो नाय तो.”

घरी आलो तेव्हा बाप ओटीवर पेज पीत होता. कुठं गेला होतास, त्यानं विचारलं. बुधाजी टिकमाकडं, मी म्हटलं. त्यानं पेजेचं भांडं खाली ठेवलं.

“त्या माणसाकडे तुजा काय काम? माज्या भैणीची सोयरीक तेना मोडल्यान. चौदा वर्सां मी तेचा तोंड बघूक नाय. भरवसो ठेवू नको तेच्यार, लय कपटी माणूस.”

“होय, लय कपटी,” मी म्हटलं आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. “चला. शेवटची तर सुटायच्या आधी पोचाक व्हया.”

“खय?” तो म्हणाला. “तेच्या दारात मी पाय ठेवूचंय नाय.” गुडघे दुखतात म्हणाला, अंधार पडेल म्हणाला, माझं डोकं फिरलंय म्हणाला, आणि मी त्याला धरून उतरणीनं तरीकडं चालवत राहिलो.